शेवटची बारा पानं

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात उजमा शेख बोलायला उभी राहिली, तेव्हा रंगनाथ गायधनी सर व्यासपीठावर दुसऱ्या खुर्चीत बसले होते. अंगावर शाल, मांडीवर नारळ आणि एप्रिलचा महिना, त्यामुळे शालीखाली घामाच्या धारा. निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं. देवळाली कॅम्पातल्या या मराठी शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. अशा कार्यक्रमांत आपल्याबद्दल काय बोललं जातं ते त्यांना पाठ होतं. शिस्त, अक्षर, निकाल. ते अर्ध्या कानाने ऐकत होते.

उजमा म्हणजे कॅम्पाच्या बाजारात लष्कराचे युनिफॉर्म शिवणाऱ्या निसार टेलरची मुलगी. दहावीला २००७ साली होती. आता पुण्यात एका कॉलेजात इंग्रजीची प्राध्यापक होती, आणि या शाळेतून तिथवर पोचलेली ती पहिलीच, म्हणून तिला मुद्दाम बोलावलं होतं.

"नववीत असताना दर शनिवारी शेवटच्या तासाला सर आम्हाला एका जुन्या इंग्रजी कादंबरीची गोष्ट सांगायचे," ती म्हणाली. "समुद्रकाठच्या गावातली हॅना नावाची मुलगी. मोठ्या घरात कामाला असते. मालकिणीची सोन्याची पिन हरवते, आळ हॅनावर येतो आणि सगळं गाव तिच्याशी बोलायचं सोडतं. सरांच्या गोष्टीत शेवटी पिन सापडते, मालकीण गावासमोर हॅनाची माफी मागते आणि हॅना मुलींची शाळा काढते. त्या गोष्टीमुळे मी इंग्रजी घेतलं."

टाळ्या वाजल्या. सर किंचित हसले. आणि मग ती पुढे बोलायला लागली, तसं त्यांचं हसू जागच्या जागी वाळत गेलं.

"एम.ए.ला असताना मी मूळ कादंबरी मिळवून वाचली. पाचशे चाळीस पानं. त्यात माफी नाही आणि शाळाही नाही. मालकिणीला ती पिन आपल्याच कोटाच्या अस्तरात सापडते. ती गुपचूप डब्यात ठेवते आणि कुणाला सांगत नाही. हॅना तोवर बोटीत बसून कायमची निघून गेलेली असते. ते वाचलं आणि मला सर आठवले. सरांना खरा शेवट माहीत होता. पण समोर टेलरच्या, हमालाच्या, धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या मुली बसल्या होत्या. त्यांना तो सांगायला सरांचं मन धजलं नाही. मी दरवर्षी माझ्या वर्गात पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगते, की शिक्षक असा असतो."

या वेळी टाळ्या बराच वेळ चालल्या. मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. उजमाने तीच मूळ कादंबरी, नवी कोरी, सरांच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण तो हात आपला नाहीच असं त्यांना वाटत होतं. कारण त्यांना तो शेवट माहीत नव्हता. त्यांच्या पुस्तकाची शेवटची बारा पानं फाटलेली होती.

गायधनी सरांचं इंग्रजी हे शाळेनेच त्यांच्या गळ्यात मारलेलं होतं. ते बी.ए. झाले इतिहास घेऊन. शाळेत लागले आणि दुसऱ्याच महिन्यात इंग्रजीचे शिक्षक दुसरीकडे गेले. "गायधनी, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही इंग्रजी घ्या," असं तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले. नव्या माणसाने नाही कसं म्हणायचं? सरांनी गाईड आणलं. धड्यातलं एक वाक्य वाचायचं, फळ्यावर त्याचा मराठी अर्थ लिहायचा, प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायची. मुलं पास होत गेली. निकाल चांगला लागायला लागला, तशी कुणी विचारायची शक्यताच उरली नाही. फक्त कॅम्पातला एखादा लष्करी अधिकारी पाहुणा म्हणून शाळेत आला, की सर नेमके माइकच्या वायरी बघायला मागे जायचे.

२००५ च्या पावसाळ्यात बाजारातल्या रद्दीच्या दुकानात त्यांना ते पुस्तक दिसलं. अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या की बंगल्यांतून अशी पुस्तकं रद्दीत यायची. हे पातळ होतं, चित्रांचं होतं. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी एक मोठी कादंबरी सोपी करून लिहिलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी अवघड शब्दांचे अर्थ, धड्याशेवटी प्रश्न आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात दोनचा आकडा, म्हणजे पायरी दुसरी. "मुलांना लागतं," असं दुकानदाराला न विचारताच सांगून सरांनी ते घेतलं.

घरी ते शब्दकोश घेऊन बसले. पहिल्या दिवशी एक पान झालं. दहाव्या दिवशी तीन. आणि एका संध्याकाळी असं झालं, की हॅना खाडीच्या काठावर उभी आहे हे वाक्य त्यांनी वाचलं आणि मराठी अर्थ मनात यायच्या आतच त्यांना ती मुलगी दिसली. ओले पाय, हातात बूट. सर तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. नऊ वर्षं इंग्रजी शिकवत होते, आणि इंग्रजी वाचता येणं म्हणजे काय ते त्यांना त्या संध्याकाळी कळलं. इतका आनंद एकट्याने ठेवून घेणं त्यांना जमलं नाही. त्यांनी ती गोष्ट नववीच्या वर्गाला सांगायला घेतली.

तेवढंच केलं असतं तर बरं होतं. पण पहिल्याच शनिवारी, खुर्चीला टेकून, ते म्हणाले, "ही पाचशे पानांची कादंबरी. मी कॉलेजात असताना वाचली." कुणी विचारलं नव्हतं. तोंडातून ते असं सहज गेलं, जसं काही खरंच होतं.

साठाव्या पानावर पुस्तक संपलं. अनुक्रमणिकेत बहात्तर पानं होती. सरांनी एक शनिवार पोर्शनचं कारण सांगून टाळला. नाशकात मेन रोडला पुस्तकांच्या दोन दुकानांत चौकशी करायला गेले, पण लेखकाचं नाव कसं उच्चारायचं ते कळेना, तेव्हा "असू द्या, चिठ्ठी विसरलो" म्हणून परत आले. पुढच्या शनिवारी वर्गातली सेहेचाळीस मुलं वाट बघत बसली होती. सरांनी फळ्याकडे पाठ केली आणि शेवट रचून सांगितला. माफी, शाळा, सगळं. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मागच्या बाकावरून सरिताने हात वर केला.

सरिता ही सखुबाईची मुलगी. सखुबाई छावणीतल्या एका बंगल्यावर काम करायची. पोरगी अबोल, अभ्यासात मधली.

"सर, असं नाहीये ना शेवटी," ती म्हणाली. "ती शाळा नाही काढत. तो ब्रोच, म्हणजे ती पिन, बाईंच्या कोटाच्या अस्तरात सापडतो."

सरांची कानशिलं एकदम तापली. "ब्रोच नाही, ब्रूच," ते म्हणाले. "डबल ओ आहे ना? मग ऊ. आणि तुला कुणी सांगितलं हे?"

"माझ्याकडे पुस्तक आहे सर."

"उद्या आण."

दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी तिने दप्तरातून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, आणि सरांना आपल्या घरच्या कपाटाचा खण आठवला. तेच चित्र, तोच दोनचा आकडा. फक्त याची पानं पूर्ण होती. ती मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघत होती. सर आता उघडून बघतील आणि हो म्हणतील, एवढंच तिला वाटत असावं.

सरांनी पुस्तक दोन बोटांत धरून वर्गाला दाखवलं.

"हे बघा. याच्या जिवावर ही मला शिकवायला निघाली. हे बालवाडीचं पुस्तक आहे. लहान मुलांसाठी कापून, चित्रं घालून केलेलं. मी सांगतोय ती मूळ कादंबरी. कळलं का, बालवाडी?"

वर्ग हसला. त्यात उजमाही असणार. सरिता उभी होती, ती उभीच राहिली. बस म्हटलं नाही तरी बसायचं असतं हेही तिला सुचलं नाही. सरांनी पुस्तक टेबलाच्या खणात टाकलं आणि धडा काढायला सांगितला. त्या दिवसापासून मुलं तिला बालवाडीच म्हणायला लागली. ती नंतर दोनदा स्टाफरूमच्या दारात पुस्तक मागायला आली. पहिल्यांदा सर "बघू" म्हणाले, दुसऱ्यांदा "परीक्षेनंतर". तिसऱ्यांदा ती आली नाही. वर्गात तिने परत कधी हात वर केला नाही. दहावीला तिला इंग्रजीत छत्तीस मार्क पडले, हे निकालाच्या कागदावर सरांनीच लिहिलं होतं.

आणि एवढं करून त्यांनी ते पुस्तक उघडलंही नाही. हवी होती ती बारा पानं त्यात होती. पण ते हातात घेतलं की तिचं तोंड दिसायचं, म्हणून ते त्यांनी शाळेतल्या आपल्या कपाटाच्या तळाला ढकललं. निवृत्तीच्या वेळी शिपायाने कपाटातलं सामान खोक्यात भरून घरी पोचवलं, त्यात तेही आलं.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी लॅम रोडच्या घरी सरांनी उजमाने दिलेली कादंबरी उघडली. पहिलं वाक्य अकरा ओळींचं होतं. सातव्या ओळीला पोचेपर्यंत कोण काय करतंय तेच हरवलं. त्यांनी ते तीनदा वाचलं, मग मिटलं आणि माळ्यावरून खोकं खाली काढलं.

सरिताचं पुस्तक तसंच होतं. आतल्या पहिल्या पानावर गोल अक्षरात इंग्रजीत नाव होतं, मिताली, पाचवी ब. हे नाव सरांनी कधी पाहिलं नव्हतं. सरितानेही रद्दीतूनच घेतलं असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं आणि साठावं पान काढलं.

बारा पानांना दोन दिवस लागले. पेन्सिल, शब्दकोश आणि मोबाइल. पत्नी प्रतिभाताई चहा घेऊन आल्या, तसं त्यांनी पटकन पुस्तकावर वर्तमानपत्र ओढलं.

"लपवताय काय?" त्या म्हणाल्या.

"काही नाही. जुनं आहे."

"चित्रांचं दिसतंय. वाचा की, कोण रागावतंय तुम्हाला."

त्या गेल्यावर सरांनी पिनेसाठीचा तो इंग्रजी शब्द मोबाइलच्या शब्दकोशात टाकला आणि बाजूचं चिन्ह दाबलं. मोबाइलमधली बाई स्वच्छ म्हणाली, ब्रोच. त्यांनी परत दाबलं. परत ब्रोच. वीस वर्षं, दरवर्षी दोन तुकड्या, त्यांनी डबल ओचा नियम शिकवला होता. खोली रिकामी होती, तरी त्यांनी दाराकडे बघून घेतलं.

चौथ्या दिवशी त्यांनी उजमाला फोन लावला.

"उजमा, तू परवा जे बोललीस ते तसं नव्हतं," ते म्हणाले. "मी मूळ कादंबरी वाचलीच नव्हती. माझ्याकडे सोपं केलेलं पुस्तक होतं, त्याची शेवटची पानं नव्हती. मला शेवट माहीत नव्हता, म्हणून मी काहीतरी सांगितलं."

फोनवर ती हसली. मायेने हसली, तेच त्यांना टोचलं. "सर, तुम्ही ना. कुणी कौतुक केलं की तुम्हाला चालतच नाही. अब्बूही असेच आहेत."

"अगं, खरं सांगतोय."

"बरं सर, खरं," ती म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तशी.

सरांना वाटलं, आता ठेवून द्यावा फोन. सांगून तर झालं. तिने मानलं नाही त्याला आपण काय करणार? ही पळवाट इतकी सोयीची होती, की क्षणभर ते तिच्यात जाऊन उभेही राहिले. मग म्हणाले, "तुमच्या वर्गात सरिता होती. आठवते?"

"कोण सरिता?" ती थांबली. "हां, बालवाडी." एवढं म्हटलं आणि तिचा आवाज बदलला. "सर, तिने तर अस्तर म्हटलं होतं. कोटाचं अस्तर. तिने बरोबर सांगितलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, हे मूळ पुस्तकात नाही."

"माझ्या घरच्या खणात तेच पुस्तक होतं. तिच्यासारखंच."

उजमा हसली नाही. "मी मूळ कादंबरी वाचली तेव्हा मला तुम्ही आठवलात," ती हळू म्हणाली. "ती नाही आठवली. अकरा वर्षं मी वर्गात ही गोष्ट सांगतेय सर." मग तिने सरिताबद्दल तिला जे माहीत होतं ते सांगितलं. ती एसटीत कंडक्टर आहे, बहुतेक त्र्यंबकच्या गाडीवर असते. फोन ठेवताना ती नेहमीसारखं "घरी येते सर" म्हणाली नाही.

सर तीन दिवस सकाळी नाशकातल्या जुन्या सीबीएस स्टँडवर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी साडेनवाच्या त्र्यंबकेश्वर गाडीत ती दिसली. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, गळ्यात तिकिटाचं मशीन. भरलेल्या गाडीत माणसांतून वाट काढत ती मागून पुढे येत होती आणि आवाज चांगला खणखणीत होता. वर्गात हा आवाज त्यांनी दोनदाच ऐकला असेल.

"कुठं?"

"त्र्यंबक." त्यांनी वर बघितलं. तू म्हणावं की तुम्ही, ते ठरेना. "ओळखलं का?"

तिने तिकीट फाडलं. "ओळखलं की. गायधनी सर." आणि पुढच्या सीटकडे वळली.

सातपूर गेलं, अंजनेरी गेली. सर पिशवीतल्या पुस्तकावर हात ठेवून बसले होते. त्यांनी बोलायची वाक्यं ठरवून आणली होती, पण गाडीच्या प्रत्येक हिसक्याला त्यांतलं एकेक गळून पडत होतं. त्र्यंबकला गाडी रिकामी झाली. परत निघायला वीस मिनिटं होती. ड्रायव्हर चहाला गेला. सरिता मागच्या सीटवर बसून हिशेबाचा कागद भरायला लागली, तेव्हा सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बसा ना सर," ती म्हणाली.

ते बसले नाहीत. पुस्तक काढून त्यांनी तिच्यापुढे धरलं. "हे तुझं. वीस वर्षं माझ्याकडे राहिलं. त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी मूळ कादंबरी वाचलेली नव्हती. माझ्याकडे हेच पुस्तक होतं, आणि तेही फाटकं. मी खोटं बोललो आणि ते झाकायला तुला सगळ्यांसमोर..." पुढचा शब्द त्यांना मिळेना. "तुला नाव ठेवलं."

सरिताने पुस्तक घेतलं. पहिलं पान उलटलं आणि त्यावरच्या नावावर अंगठा ठेवला.

"हे माझं नव्हतं सर," ती म्हणाली. "मितालीचं होतं. आई ज्या बंगल्यावर काम करायची तिथल्या मॅडमची मुलगी. दुपारी मी आईबरोबर जायची ना, तेव्हा ती मला वाचून दाखवायची. शब्द कसा म्हणायचा ते सांगायची. तिने वाचायला दिलं होतं. परत करायचं होतं."

सरांनी शेजारच्या सीटचा दांडा धरला.

"त्यांची बदली झाली तेव्हा सामान भरताना मॅडमनं विचारलं, पुस्तक कुठंय. आई म्हणाली, पोरीनं आणलंय, देते. माझ्याकडं कुठं होतं? मी सांगितलं हरवलं. मॅडम काही रागावल्या नाहीत. फक्त निघताना शेजारच्या बंगल्यातल्या बाईंना सांगून गेल्या, की घरात जरा लक्ष ठेवत जा. तिथं आई लागणार होती कामाला. नाही लागली."

"तू घरी सांगायचंस ना, की सरांनी घेतलं."

"काय सांगणार सर?" तिने प्रथमच त्यांच्याकडे नीट बघितलं. तिच्या नजरेत राग दिसला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "मग वर्गात काय झालं तेही सांगावं लागलं असतं."

ड्रायव्हर परत येत होता. सर घाईने म्हणाले, "मी काय करू सांग."

"मला सांगून काय उपयोग? मला तेव्हाच माहीत होतं." तिने पुस्तक त्यांना परत दिलं. "आईला सांगा. तिला अजून वाटतं, मी हरवलं."

परतीच्या प्रवासात ती एकदाच त्यांच्याशी बोलली. सीबीएस जवळ आलं, सर दाराशी उभे होते, तेव्हा बेलच्या दोरीवर हात ठेवून ती म्हणाली, "ते ब्रूच नव्हतं ना सर?"

"नाही. ब्रोच."

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि बेल दिली.

सखुबाई भगूरला दोन खोल्यांत लेकीजवळ राहत होती. रविवारी सरिताला सुट्टी होती. सर दारात उभे राहिलेले बघून म्हातारीची धांदल उडाली. तिने डोक्यावरून पदर घेतला, खुर्ची आपल्या हाताने पुसली. "सर आलं आमच्या घरी. सरिता, चहा टाक. पोह्याचं बघ." सरिता आत गेली. भिंतीच्या फटीतून स्टोव्हचा आवाज यायला लागला.

सरांनी चहा यायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. उभ्यानेच सांगितलं. सोपं पुस्तक, मोठं पुस्तक, मूळ कादंबरी यातलं सखुबाईला काही लागलं नाही. ती मान हलवत होती. शेवटी सर म्हणाले, "सखुबाई, ते बंगल्यावरचं पुस्तक सरिताने हरवलं नव्हतं. मी घेतलं होतं. ती दोनदा मागायला आली, मी दिलं नाही."

"एवढंच व्हय," सखुबाई म्हणाली. "जाऊ द्या सर. मास्तरनं पोरीचं पुस्तक ठेवून घेतलं, ती काय चोरी हाय? तुमी तिच्या भल्यासाठीच केलं आसल. बसा तुमी."

"भल्यासाठी नव्हतं. मला स्वतःची लाज झाकायची होती."

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तराच्या तोंडून असलं काही ऐकायची तिला सवय नव्हती. मग तिची नजर त्यांच्या हातातल्या पुस्तकावर गेली. तिने ते घेतलं, उलटसुलट केलं, चित्रावरून हात फिरवला.

"हेच व्हय ते," ती म्हणाली. जरा वेळाने आवाज उतरवून, आत जाऊ नये असा, म्हणाली, "म्या लय मारलं हुतं तिला सर. लाटण्यानं. म्हनलं, कुनाला इकलं सांग. ती एकच म्हनायची, हरवलं. चार दिस मारलं."

आतला स्टोव्हचा आवाज बंद झाला होता. सरिता चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने ते ऐकलं होतं. सखुबाईने लेकीकडे पाहिलं. सरिता पुढे आली, कप ठेवले आणि आईशेजारी पलंगावर बसली. "चहा घ्या सर," ती म्हणाली.

सरांनी चहा घेतला. त्या घरातून चहा न घेता निघणं हा आणखी एक अपमान झाला असता, म्हणून घेतला. त्यांना माफ केलं असं कुणी म्हटलं नाही, आणि निघताना त्यांनीही विचारलं नाही. पुस्तक सखुबाईच्या मांडीवरच राहिलं. सरिता फाटकापर्यंत आली, "सावकाश जा" म्हणाली आणि ते वळायच्या आत घरात परतली.

उजमाचं नंतर एक पत्र आलं, हाताने लिहिलेलं. या वर्षी पहिल्या दिवशी तिने ती गोष्ट सांगितली नाही, एवढं त्यात होतं. ईदला ती भगूरला जाऊन सरिताला भेटून आली हेही होतं. सरांच्या घरी येते असं मात्र नव्हतं. सरांनी पत्र घडी करून शब्दकोशात ठेवलं. प्रतिभाताईंना त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीत." त्यांना राग आला होता तो एवढ्याचाच.

जुलैच्या अखेरीस शेजारचे निवृत्त हवालदार पेन्शनचं इंग्रजी पत्र घेऊन आले. दोन पानांचं, बारीक टायपातलं. सरांनी चष्मा लावला, पहिला परिच्छेद वाचला आणि पत्र खाली ठेवलं.

"मला यातलं अर्धं कळत नाही," ते म्हणाले. "शब्दकोशात बघावं लागेल. उद्या सांगतो. तरी नक्की सांगता येईल असं नाही."

हवालदारांना ते खरं वाटलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसं टाळायला लागतात, असा त्यांनी अर्थ घेतला असावा. "एवढे इंग्रजीचे सर तुम्ही," ते पत्र परत खिशात घालत म्हणाले, "आणि असं बोलता."

"हो," सर म्हणाले.